घर राखणारे माणूस

दिवाळीच्या सुटीत वज्रेश्वरीला जायचे, हा आमच्या घरचा जुना नेम. भिवंडीहून वाट फार लांबची नाही. तरी निघण्यापूर्वी आई पैशाचे दोन भाग करी, एक वाटखर्चाचा आणि एक देवीचा. वाटखर्चातल्या चार आण्यांसाठी ती टांगेवाल्याशी हुज्जत घाली; ओटीचा खण घेताना मात्र घासाघीस नाही. भाडे वाढले, की देवीच्या भागाला हात लागत नसे. आई एवढेच म्हणे, “तुम्ही जा, मी घर राखते.”

पुढे इतिहास शिकवू लागलो, तेव्हा ध्यानात आले, की आईचा हा हिशेब फार जुना आहे.

वज्रेश्वरीचे देऊळच पाहा. वसईच्या वेढ्यात चिमाजीअप्पांनी देवीला नवस केला आणि १७३९ साली वसई सर झाल्यावर हे देऊळ उभे राहिले, असे सांगतात. नवस म्हणजे आपणच ठरविलेली किंमत. तिच्यात सूट मागायची नसते.

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावू लागली. पहिल्या वर्गाचे भाडे दोन रुपये दहा आणे, तिसऱ्याचे पाच आणे तीन पै. म्हणजे नेमके आठपट अंतर! दोघांनाही ठाण्याला नेणारी गाडी एकच. बहुतेकांनी तिसरा वर्ग धरला. गरिबी हे कारण होतेच. पण वाटेवर अंग चोरून बसावे आणि मुक्कामाला हात सैल सोडावा, ही आपली रीतही त्यात होती, असे मला वाटते.

पण वाचकहो, ज्याला तेवढेही परवडत नाही, त्याचे काय? त्याचे उत्तर मला पेणजवळच्या वरसईच्या विष्णुभट गोडशांपाशी सापडले. घरचे कर्ज फेडावे म्हणून दक्षिणेच्या आशेने ते १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. मिळवलेले लुटले गेले. परंतु परतताना त्यांनी गंगेची कावड खांद्यावरून आणली आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले. घर राखणाऱ्यांना गंगेला जाता आले नाही, म्हणून गंगाच घरी आली! ही हकीकत त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकात आहे. ते छापून निघाले १९०७ साली.

आमच्या घरी अशी कावड कोणी आणली नाही. आम्ही आईसाठी प्रसादाची पुडी आणीत असू. तिचा देवीचा भाग खर्ची पडे, पण तिच्याविना.

१७ मार्च २०२३ पासून एस. टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले. त्या वर्षी दिवाळीत मी सौ.ला म्हणालो, “चला, तेवढेच पैसे वाचले.” ती म्हणाली, “वाचले कुठले? तेवढ्यात वन्सं येतील आमच्याबरोबर. इतकी वर्षं त्याच मागे राहतात.”

आई तेव्हा हयात नव्हती. ताई मात्र आली. अकलोलीच्या गरम कुंडात पाय सोडून बराच वेळ बसली. तिथे पै पडत नाही.

त्या दिवशी घर राखायला प्रथमच कुलूप लावले होते.