निवडणूक आदर्श आचारसंहितेची जडणघडण : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

निवडणुकीची घोषणा होताच 'आचारसंहिता लागली' असे म्हणण्याचा प्रघात आपल्याकडे रूढ झाला आहे. शासकीय जाहिरातींचे फलक झाकले जातात, भूमिपूजने व उद्घाटने थांबतात, मंत्र्यांना प्रचारासाठी सरकारी वाहन वापरता येत नाही. महाविद्यालयीन अध्यापकांचा या संहितेशी संबंध बहुधा मतदान केंद्रावरील कर्तव्याच्या निमित्ताने येतो. त्यामुळे प्रशासनाने काढलेली एक नियमावली एवढ्याच दृष्टीने तिच्याकडे पाहिले जाते. वस्तुतः आदर्श आचारसंहिता हा संसदेने संमत केलेला कायदा नाही. तिच्यातील काही बाबी अन्य कायद्यांनुसारही गुन्हा ठरतात, परंतु केवळ संहितेचा भंग केला म्हणून कोणत्याही न्यायालयात शिक्षा होत नाही. असे असूनही सत्तेवरील पक्षाला तिची दखल घ्यावी लागते. कायद्याचे पाठबळ नसलेल्या नियमांना हे वजन कोठून प्राप्त झाले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. आचारसंहितेचे बळ राजकीय पक्षांच्या सहमतीतून निर्माण झाले आणि सत्ताधाऱ्याला त्या सहमतीच्या कक्षेत आणणे हाच तिच्या पुढील इतिहासाचा गाभा राहिला, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

कायद्याची चौकट व तिची मर्यादा

निवडणुकीतील वर्तनाविषयी भारतात कायदाच नव्हता असे नाही. मतदारास लाच देणे, त्याच्यावर गैरवाजवी दडपण आणणे हे अपराध १९२० च्या अधिनियमाने भारतीय दंडसंहितेत समाविष्ट झाले होते. स्वातंत्र्यानंतर लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३ मध्ये 'भ्रष्ट आचार' कोणते, हे नमूद करण्यात आले. धर्म, जात, भाषा यांच्या नावाने मत मागणे व शासकीय सेवकांचे साहाय्य घेणे यांचा त्यात अंतर्भाव होतो. तथापि या कायद्याची गती निवडणुकीच्या गतीशी जुळत नाही. निवडणूक याचिका निकाल लागल्यावर दाखल होते, पुरावे नोंदवले जातात आणि नंतर अपील होते.

महाराष्ट्रातील एक उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. डिसेंबर १९८७ मध्ये मुंबईतील विलेपार्ले विधानसभा मतदारसंघात झालेल्या पोटनिवडणुकीतील भाषणांच्या आधारे डॉ. रमेश प्रभू यांची निवड मुंबई उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयावर ११ डिसेंबर १९९५ रोजी शिक्कामोर्तब केले. त्याच प्रकरणातून शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी काढून घेण्याचा निर्णय १९९९ मध्ये झाला. भाषणे आणि अंतिम निकाल यांत आठ वर्षांचे अंतर पडले. दरम्यान ती विधानसभा मुदत संपून विसर्जित झाली होती आणि राज्यात आणखी दोन सार्वत्रिक निवडणुका पार पडल्या होत्या. न्याय झाला, पण ज्या मतदारांसाठी तो व्हायचा होता त्यांच्या मतदानाचा दिवस केव्हाच मागे पडला होता. प्रचार सुरू असतानाच त्याला आवर घालील अशा साधनाची गरज होती. ही गरज केरळात प्रथम भागवली गेली, तीही या प्रकरणाच्या कितीतरी आधी.

केरळ, १९६० : सहमतीचा आरंभ

एप्रिल १९५७ मध्ये केरळात ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांच्या नेतृत्वाखाली कम्युनिस्ट मंत्रिमंडळ अधिकारारूढ झाले. शिक्षणविषयक व जमीनविषयक कायद्यांवरून त्याच्याविरुद्ध 'विमोचन समरम्' हे मोठे आंदोलन उभे राहिले. जून १९५९ मध्ये अंगमाली व अन्य ठिकाणी पोलिसांच्या गोळीबारात माणसे मृत्युमुखी पडली. ३१ जुलै १९५९ रोजी मंत्रिमंडळ बडतर्फ होऊन राष्ट्रपती राजवट लागू झाली आणि फेब्रुवारी १९६० मध्ये विधानसभेची निवडणूक घेण्याचे ठरले. समाज दोन तटांत विभागला गेला होता. एका पक्षाची मिरवणूक दुसऱ्याच्या सभेवरून गेली तरी रक्तपात व्हावा, अशी परिस्थिती होती.

अशा वातावरणात राजकीय पक्षांनी काय करावे व काय करू नये, याचे काही मोजके नियम तयार करण्यात आले. सभा, मिरवणुका, भाषणे, घोषणा व भित्तिपत्रके एवढ्यापुरतेच त्यांचे क्षेत्र मर्यादित होते. आदर्श आचारसंहितेचा उगम येथे आहे.

या उगमातील एक बाब पुरेशी लक्षात घेतली जात नाही. केंद्रात काँग्रेसचे शासन होते हे खरे. परंतु केरळ राज्यात त्या वेळी कोणत्याही पक्षाचे मंत्रिमंडळ नव्हते. राज्यातील सर्व पक्ष, निदान औपचारिक अर्थाने, सत्तेबाहेर होते आणि हिंसाचाराचे भय सर्वांनाच समान होते. म्हणूनच नियमांविषयी सहमती होणे तुलनेने सुलभ झाले. त्याच कारणाने त्या नियमांत सत्ताधारी पक्षाविषयी तरतूद आली नाही. संहितेचे बळ आणि तिची उणीव या दोहोंचे मूळ एकाच परिस्थितीत होते.

देशव्यापी विस्तार

के. व्ही. के. सुंदरम् मुख्य निवडणूक आयुक्त असताना १९६२ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी आयोगाने ही संहिता मान्यताप्राप्त पक्षांकडे पाठवली आणि पक्षांची संमती मिळवण्याची विनंती राज्य शासनांना केली. आयोगाने आदेश न काढता संमती मागितली, हे येथे महत्त्वाचे आहे. १९६७ च्या निवडणुकांतही संहितेचे पालन अपेक्षिले गेले. पुढील वर्षी, अनेक राज्यांत आघाडी सरकारे कोसळून मध्यावधी निवडणुका उभ्या ठाकल्या असताना, आयोगाने राज्यपातळीवर पक्षांच्या बैठका घेऊन किमान वर्तनाची संहिता पुन्हा प्रसृत केली. १९७४ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली पक्षप्रतिनिधींच्या जिल्हा समित्या नेमून उल्लंघनाच्या तक्रारी त्यांच्यापुढे आणाव्यात, अशी सूचना आयोगाने केली. या टप्प्यापर्यंत पक्षांनी एकमेकांवर लक्ष ठेवावे, अशीच संहितेमागील कल्पना होती.

सत्तारूढ पक्षाचा प्रश्न

समान बळाच्या प्रतिस्पर्ध्यांत ही कल्पना उपयुक्त ठरते. परंतु एका प्रतिस्पर्ध्याच्या हाती शासनयंत्रणा असेल तर काय, हा प्रश्न सत्तरच्या दशकात तीव्र झाला. १९७१ च्या रायबरेली निवडणुकीसंबंधी राजनारायण यांच्या याचिकेवर अलाहाबाद उच्च न्यायालयाने १२ जून १९७५ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची निवड रद्द केली. प्रचारासाठी शासकीय सेवकांचे साहाय्य घेतल्याचा ठपका त्या निकालात होता. अपील प्रलंबित असतानाच, ऑगस्ट १९७५ मध्ये, संसदेने निवडणूक कायद्यात पूर्वलक्षी प्रभावाने दुरुस्ती केली आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती निवड वैध ठरवली.

या घटनाक्रमातून मिळणारा बोध मूलभूत आहे. निवडणुकीचा कायदा संसदेतील बहुमताच्या हाती असतो, आणि ते बहुमत स्वतः निवडणुकीतील एक पक्षकार असते. सर्व पक्षांशी विचारविनिमय करून सिद्ध झालेली संहिता मात्र एका पक्षाला एका अधिवेशनात बदलता येत नाही.

१९७९ मध्ये, लोकसभेच्या मध्यावधी निवडणुकीपूर्वी, आयोगाने पक्षांशी चर्चा करून संहितेत सत्तारूढ पक्षाविषयीचा स्वतंत्र भाग घातला. शासकीय दौरा व प्रचारदौरा यांची सरमिसळ, सरकारी वाहने व विमाने, सार्वजनिक मैदाने व विश्रामगृहे यांवरील मक्तेदारी, शासकीय खर्चाने जाहिराती, निवडणुकीच्या तोंडावर अनुदाने व आश्वासने यांवर निर्बंध आले. १९६० मध्ये राहिलेली उणीव १९ वर्षांनी दूर झाली.

आयोगाचे अधिकार आणि २००१ ची तडजोड

१९९१ मध्ये संहिता एकत्रित स्वरूपात पुन्हा प्रसिद्ध झाली. डिसेंबर १९९० ते डिसेंबर १९९६ या काळात मुख्य निवडणूक आयुक्त असलेल्या टी. एन. शेषन यांनी तिच्या अंमलबजावणीला धार दिली. मोहिंदरसिंग गिल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये अनुच्छेद ३२४ चा व्यापक अर्थ लावला होता. कायदा जेथे मौन बाळगतो तेथे आयोग या अनुच्छेदाखाली कृती करू शकतो, हा आधार आता प्रत्यक्ष वापरात आला. १९९४ मध्ये निवडणूक चिन्हे आदेशात परिच्छेद १६-अ समाविष्ट झाला. त्यानुसार संहितेचे पालन न करणाऱ्या पक्षाची मान्यता निलंबित वा रद्द करता येते.

यानंतर वाद उद्भवला तो संहिता केव्हापासून लागू होते यावर. आयोगाच्या मते ती निवडणुकीच्या घोषणेपासून लागू होते. केंद्र सरकारच्या मते अधिसूचनेपासून. मे १९९७ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने हरबन्ससिंग जलाल प्रकरणात आयोगाची भूमिका उचलून धरली. सर्वोच्च न्यायालयात हे प्रकरण एप्रिल २००१ मध्ये मिटले, तेही आयोग व सरकार यांच्यातील समझोत्याने. संहिता घोषणेपासूनच लागू व्हावी, मात्र घोषणा व अधिसूचना यांत सामान्यतः तीन आठवड्यांहून अधिक अंतर नसावे, असे ठरले. संहितेच्या इतिहासातील हा महत्त्वाचा वादही अखेर सहमतीनेच निकालात निघाला.

कायदेशीर दर्जा द्यावा काय?

संहितेतील महत्त्वाच्या तरतुदींना कायद्याचे स्वरूप द्यावे, अशी शिफारस दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्ये केली आणि संसदेच्या स्थायी समितीने २०१३ मध्ये संपूर्ण संहितेसाठी तसाच आग्रह धरला. निवडणूक सुमारे ४५ दिवसांत पार पडते, न्यायालयीन प्रक्रियेला त्याहून अधिक काळ लागतो, असा आयोगाचा यावरील आक्षेप राहिला आहे. विलेपार्ले प्रकरण या आक्षेपाला पुष्टी देते, तर रायबरेली प्रकरण त्यात आणखी एका धोक्याची भर घालते.

तथापि संहितेची सद्यःस्थिती निर्दोष आहे असे म्हणता येणार नाही. सहमतीचे नियम राबवणारा पंच निःपक्षपाती आहे, असा विश्वास सर्व पक्षांना असावा लागतो. १५ एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विचारणा केल्यावर, त्याच दिवशी, आयोगाने चार नेत्यांवर ४८ ते ७२ तासांची प्रचारबंदी घातली. अधिकार होते, ते वापरण्यास बाहेरून टोचणी लागली. त्याच निवडणुकीत काही तक्रारींवरील निर्णयांबाबत एका आयुक्तांनी भिन्न मत दिले. ते अंतिम आदेशात न देता केवळ नोंदीत ठेवावे, असे आयोगाने बहुमताने ठरवले. डिसेंबर २०२३ मध्ये संमत झालेल्या अधिनियमानुसार आयुक्तांची शिफारस करणाऱ्या समितीत पंतप्रधान, त्यांनी नामनिर्देशित केलेले एक केंद्रीय मंत्री आणि लोकसभेतील विरोधी पक्षनेते आहेत. तीनांपैकी दोन सदस्य सत्तापक्षाचे असल्याने १९७९ चा प्रश्न नव्या रूपात पुढे येतो.

निष्कर्ष

आदर्श आचारसंहिता शिक्षेच्या भयातून जन्मली नाही. स्पर्धा संपल्यावरही एकत्र नांदायचे आहे, याची जाणीव झालेल्या प्रतिस्पर्ध्यांनी ती स्वीकारली. तिचे रूपांतर कायद्यात केल्यास ती मंदगती होईल आणि बहुमताच्या अधीन जाईल. परंतु केवळ सहमतीवर विसंबून चालणार नाही, कारण सहमतीचा भंग करण्याचे सर्वाधिक सामर्थ्य सत्ताधाऱ्याकडे असते. म्हणून तक्रारीवर प्रचार संपण्यापूर्वी निर्णय देणे, प्रत्येक निर्णयाची कारणे व भिन्नमत प्रसिद्ध करणे आणि आयुक्तांच्या निवडीत सत्तापक्षाचे पारडे जड न ठेवणे, या तीन गोष्टी संहितेच्या कलमांत भर घालण्यापेक्षा अधिक निकडीच्या आहेत. केरळात नियम मोजके होते. ते सर्वांना सारखे लागू होतील असा विश्वास होता. तो टिकला नाही, तर संहितेची आठही प्रकरणे छापील कागदावरच राहतील.