नांदूर मध्यमेश्वर
महाराष्ट्र राज्याच्या नाशिक जिल्ह्यातील पाणथळ प्रदेश व पक्षी अभयारण्य. निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा या नद्या ज्या जलाशयात एकत्र येतात, त्याच्या परिसरात ते पसरले आहे. गावाच्या नावातील मध्यमेश्वर हे शिवाचे नाव होय.

या जलाशयाचा इतिहास पक्ष्यांपासून नव्हे, तर दुष्काळापासून सुरू होतो. १८९९–१९०० च्या दुष्काळानंतर नेमलेल्या सिंचन आयोगाने (१९०१–०३) दख्खनच्या अवर्षणप्रवण भागात संरक्षक पाटबंधाऱ्यांचा पुरस्कार केला. त्यानंतर लवकरच, १९०७ मध्ये, येथील दगडी बंधाऱ्याचे काम सुरू झाले. पाण्याचा मोठा साठा करणे हा त्याचा हेतू नव्हता. नदीचे पाणी अडवून ते डाव्या व उजव्या कालव्यांतून कोपरगावकडील कोरडवाहू जमिनींस देणे, एवढेच त्याचे कार्य. साठ्याची उणीव पुढे दारणा धरणाने (१९१६) भरून काढली.

सह्याद्रीकडून येणाऱ्या पुरांबरोबरचा गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला. साठवणक्षमता घटली; पाटबंधाऱ्यांच्या दृष्टीने ही हानीच होती. तथापि त्याच गाळाने उथळ पाणी, चिखलाचे पट्टे, बेटे व पाणकणसाची बने निर्माण केली. हिवाळ्यात येथे चक्रवाक, थापट्या, भुवई बदक, क्रौंच इ. स्थलांतरित पक्षी येतात. वारकरी, जांभळी पाणकोंबडी, चित्रबलाक हेही विपुल आढळतात. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनी या स्थळाची तुलना भरतपूरशी केली होती.

१९८६ मध्ये सु. १०० चौ. किमी. प्रदेश अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्यात कित्येक गावांची शेतजमीनही अंतर्भूत आहे. यांपैकी १,४३७ हेक्टर क्षेत्राची २०१९ मध्ये रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ क्षेत्र म्हणून नोंद झाली. असा मान मिळालेले हे महाराष्ट्रातील पहिले स्थळ होय.

संरक्षण वन विभागाकडे, पाणी मात्र जलसंपदा विभागाकडे, अशी येथील व्यवस्था आहे. कालव्यांची आवर्तने सुरू झाली की पातळी बदलते : ती चढल्यास चिखलपक्ष्यांची चराऊ जागा बुडते, एकाएकी उतरल्यास काठावरची घरटी उघडी पडतात. वरच्या अंगास वाढलेल्या नाशिक शहराचे सांडपाणी जलपर्णीस पोषक ठरते. गाळ काढण्याची लाभधारक शेतकऱ्यांची मागणी जुनी असून ती गैरवाजवी म्हणता येत नाही. परंतु तो सरसकट उपसल्यास अभयारण्याचा पायाच नाहीसा होईल. वैजापूर व गंगापूर तालुक्यांस पाणी देणारा जलदगती कालवाही याच जलाशयातून निघतो.