वनस्पतितंतूंचे सिमेंटविरहित काँक्रीट

सिमेंटऐवजी चुना, माती किंवा अल्कलीने घट्ट केलेली कोळशाची राख वापरून, त्यात ताग, अंबाडी, घायपात, काथ्या असे तंतू मिसळून केलेले बांधकाम-मिश्रण. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ८ टक्के असल्याने या पर्यायाला मोल आहे.

महाराष्ट्रातला याचा एक जुना पूर्वज वेरूळला सापडतो. लेणे क्र. १२ मधील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचे संशोधक राजदेव सिंह व मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग आढळली नाही, आणि तिथे किडींनी चित्रांचे बरेच नुकसान केले. भांग किडींना दूर ठेवत असावी, असे ही तुलना सुचवते.

तंतू भेगांना सांधून धरतात, त्यामुळे तडा गेला तरी ठोकळा एकदम फुटत नाही. मात्र तंतू पाणी शोषतात, आणि अल्कलीत त्यांतील लिग्निन व हेमिसेल्युलोज झिजतात. म्हणून आधी त्यांवर प्रक्रिया करावी लागते.

फ्रान्समध्ये भांगेच्या खोडाचे तुकडे व चुना यांच्या भिंती विसाव्या शतकाच्या अखेरीस रुळल्या. त्या उष्णता अडवतात, पण भार पेलत नाहीत. त्यासाठी लाकडी सांगाडा लागतो. महाराष्ट्रातही घायपात व अंबाडीवर असे प्रयोग करून पाहण्याजोगे आहेत.