सुरुंगाची बातमी : अहमदनगरचा किल्ला आणि डेबियनच्या किल्ल्या

डिसेंबर १५९५ मध्ये अकबराचा मुलगा शाहजादा मुराद आणि अब्दुल रहीम खानखानान यांच्या फौजांनी अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्याला वेढा घातला. आत बाल बहादूर निजामशाहाच्या नावाने चांदबिबी कारभार पाहत होती. मोगलांनी तटाखाली पाच सुरुंग खणले. सुरुंगाचे बळ दारूत जितके असते, तितकेच आतल्यांच्या अज्ञानात असते. तट अखंड दिसतो, पहारे नेमाने बदलतात आणि पायाखाली बार भरलेला असतो.

फेरिस्ता सांगतो, की मोगलांच्याच छावणीतला ख्वाजा मुहम्मद खान शिराझी रात्री तटापाशी आला आणि सुरुंग कोठे आहेत ते त्याने आतल्यांना कळवले. वेढ्यात सापडलेल्यांचा निर्धार पाहून त्याला त्यांची कणव आली होती. चांदबिबीने तत्काळ आतून खणायला माणसे लावली. दोन सुरुंग निकामी झाले; तिसऱ्याचे, सर्वांत मोठ्याचे, काम चालू असतानाच मुरादने बत्ती दिली. तट उडाला, खणणारी माणसे गाडली गेली, काही सरदार पळायच्या बेतात आले. तेव्हा चांदबिबी बुरखा घेऊन, हाती नंगी तलवार धरून खिंडारापाशी उभी राहिली. रातोरात तेथे पुन्हा भिंत चढली. पुढे वऱ्हाड देऊन तह झाला, पण त्या वेढ्यात किल्ला पडला नाही. चांदबिबीची तलवार सर्वांच्या लक्षात आहे. ख्वाजाचे नाव क्वचितच कोणी घेते. वास्तविक पाचही सुरुंग एकदम उडाले असते, तर तलवार गाजवायला तट उरला असता का?

याच किल्ल्यासमोर १८०३ च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्ली उभा होता. किल्ला तेव्हा शिंद्यांकडे होता. जिल्ह्याच्या गॅझेटियरमधील नोंदीनुसार भिंगारचे देशमुख रघुराव बाबा यांना चार हजार रुपये मिळाले आणि मारा पूर्वेकडून करावा, हे इंग्रजांना समजले. १२ ऑगस्टला किल्ला इंग्रजांच्या हाती आला. दोन्ही वेळा तटाच्या दुबळेपणाची बातमी एका माणसापाशी होती. एकाने ती आत दिली, दुसऱ्याने बाहेर.

संगणकाच्या सुरक्षेचा इतिहासही बराचसा या बातमीच्या वाटचालीचा आहे. त्यातले सर्वांत बोलके उदाहरण डेबियनचे. डेबियन ही जगभरच्या स्वयंसेवकांनी घडवलेली, लिनक्सवर आधारलेली संगणकप्रणाली. तिच्यात संदेश कूटबद्ध करण्याचे काम ओपनएसएसएल नावाचे सॉफ्टवेअर करते. कुलपाची रचना येथे सर्वांना ठाऊक असते. गुप्त असते ती केवळ किल्ली. ही किल्ली म्हणजे एक प्रचंड संख्या. ती कोणालाही अंदाजाने काढता येऊ नये, म्हणून संगणक ठिकठिकाणची अनियमितता गोळा करून एका भांड्यात घुसळतो आणि त्यातून संख्या काढतो.

२००६ मध्ये डेबियनसाठी हे सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या स्वयंसेवकासमोर एक तक्रार आली. चुका शोधणारी व्हॅलग्रिंडसारखी साधने इशारा देत होती, की हा प्रोग्रॅम काहीही न लिहिलेली स्मृती वाचतो आहे. त्याने ओपनएसएसएलच्या मंडळींना विचारलेही, आणि मग दोन ओळी बंद केल्या. एक ओळ खरोखरच निरुपद्रवी होती. दुसरी मात्र भांड्यात सगळी अनियमितता ओतणारी ओळ होती. ती बंद होताच भांड्यात उरला तो फक्त चालू प्रक्रियेचा क्रमांक, आणि त्या क्रमांकाची मजल ३२,७६८ पर्यंतच. ज्या किल्ल्या मोजता मोजता विश्वाचे वय अपुरे पडावे, त्या एका तालुक्याच्या गावातील घरांइतक्या झाल्या.

विशेष म्हणजे काहीच बिघडले नाही. किल्ल्या तयार होत होत्या, कुलपे लागत होती, दिसायला प्रत्येक संख्या अस्ताव्यस्तच होती. एप्रिल २००७ मध्ये डेबियनची ४.० ही आवृत्ती हाच दोष पोटात घेऊन प्रसिद्ध झाली. डेबियनवर बेतलेल्या उबुंटूतही तो गेला. सगळी संहिता उघड्यावर होती, कोणीही वाचू शकत होते. उघड्यावर असणे आणि वाचले जाणे यांतले अंतर जवळजवळ दोन वर्षांचे निघाले.

अखेर अर्जेंटिनाच्या लुसियानो बेलो या डेबियनच्याच विकसकाला हा दोष सापडला. त्याने बातमी आत दिली. १३ मे २००८ रोजी इशारा आणि दुरुस्त सॉफ्टवेअर एकाच वेळी प्रसिद्ध झाले. मात्र इशारा जसा मालकांना कळतो तसा चोरांनाही कळतो. एच. डी. मूर या सुरक्षा संशोधकाने प्रचलित लांबीच्या सगळ्या दुबळ्या किल्ल्या लवकरच तयार करून जाहीर केल्या. बऱ्याचशा किल्ल्यांना काही तासच पुरले.

दुरुस्ती म्हणाल तर बंद केलेली ओळ पुन्हा चालू करण्याची. खरे काम त्यानंतर उभे राहिले. खिंडार बुजवले की तट पुन्हा तट होतो. येथे तसे नव्हते. दोन वर्षांत घडलेली प्रत्येक किल्ली सॉफ्टवेअर सुधारल्यावरही तितकीच दुबळी राहिली. तीही केवळ डेबियनवर नव्हे, तर तेथे घडवून ज्या ज्या संगणकावर नेली असेल तेथे तेथे. म्हणून डेबियनने दुबळ्या किल्ल्यांची काळी यादीच प्रणालीसोबत पाठवली. यादीतली किल्ली दिसली, की सर्व्हर तिला दाद देईना. संकेतस्थळांची प्रमाणपत्रे नव्याने काढावी लागली, आणि जुनीच प्रमाणपत्रे लावून बसलेली संकेतस्थळे पुढे कित्येक महिने सापडत राहिली.

सर्वांत अवघड गोष्ट डीएसए नावाच्या पद्धतीची होती. तिच्यात प्रत्येक स्वाक्षरीसाठी एक नवी गुप्त संख्या लागते. ती ओळखता आली, की मूळ किल्लीही उघडी पडते. त्यामुळे दुसरीकडे, निर्दोष यंत्रावर घडलेली डीएसए किल्लीही या काळात सदोष डेबियनवर एकदाच स्वाक्षरीला वापरली असेल, तर तीही फुटली असे समजून टाकून द्या, असे डेबियनच्या इशाऱ्यात स्पष्ट लिहिले होते.