कलमदानांतला चाकू

खालापूर तालुक्यांत इतिहासाच्या दोन खुणा एकमेकींपासून फार दूर नाहींत. एक उंबरखिंडीची, तेथें १६६१ सालीं शिवाजीमहाराजांनीं कारतलबखानाची फौज रानांत कोंडून तिला शरण आणिलें. दुसरी खोपोलीच्या तळ्याची. तें तळें व त्याच्या कांठचें महादेवाचें देऊळ नाना फडणविसांनीं बांधविलें. पहिली खूण तलवारीची, दुसरी लेखणीची. मराठ्यांच्या इतिहासाचा विचार करितांना याच दोन आयुधांचीं नांवें आपल्या तोंडीं येतात, आणि तें गैर आहे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु या दोहोंच्या मध्यें एक तिसरें हत्यार होतें. तें जातीनें तलवारीचें, पण नांदलें लेखणीच्या घरीं. आणि म्हणूनच कीं काय, दोहोंपैकीं कोणाच्याही कीर्तींत त्याला वांटा मिळाला नाहीं. तें हत्यार म्हणजे कलमदानांतला चाकू.

याची आठवण आम्हांस लोधिवलीस झाली. मुंबई-पुण्याच्या जुन्या सडकेवरचें हें गांव. भोंवतीं पाताळगंगेचें खोरें, आणि त्यांत भातखाचरें व कारखाने शेजारीं शेजारीं. तेथील एका परिचित घरीं आम्ही गेलों तेव्हां माळ्यावरचें सामान खालीं काढण्याचें काम चाललें होतें. पूर्वीं त्या घरीं दप्तराचें काम असे. एका लांकडी कलमदानांत वाळलेली दऊत, दोन बोरू आणि शिंगाच्या मुठीचा एक लहान मिटता चाकू निघाला. घरांतला मुलगा म्हणाला, "आजोबा, हा मोडींत टाकूं या ना? नवा मिळतो कीं बाजारांत." आजोबांनीं उत्तर न देतां चाकू आमच्या हातीं दिला. आम्हीं नखानें पातें उचललें. अर्ध्यावर तें थोडें अडलें, मग खट् करून जागीं बसलें. आणि बसल्यावर तें केसभरही हाललें नाहीं. मुठीवर वा पात्यावर करणाराचें नांव कोठेंच नव्हतें.

ज्या चाकूनें मोडी लिहविली तोच मोडींत निघावा, हा शब्दांचा खेळ आम्हांस त्या वेळीं गोड वाटला नाहीं. बोरू म्हणजे अखेर एक वेताएवढी काडी. तिला लेखणीपण येतें तें चाकूमुळें. आधीं एका अंगानें उतरती तास घ्यावयाची, मग टोंकास मधोमध बारीक चीर द्यावयाची, आणि शेवटीं एका घावांत टोंक तिरपें उडवावयाचें. त्या तिरपेपणावर अक्षराचा जाडबारीकपणा अवलंबून. शाईनें भिजून व कागदावर घासून टोंक बोथट होई, आणि कारकुनास पुनः चाकू हातीं घ्यावा लागे. राजवाड्यांनीं १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' छापण्यास आरंभ केला. सरदेसायांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले. या कागदांतील ओळीमागें ओळ अशाच तासलेल्या टोंकानें उतरली आहे. चाकू बोथट तर बोरू फाटका, आणि बोरू फाटका तर अक्षर दुर्बोध. आज एखादी यादी आपणांस सहज लागते यांत कोणा अनामिक लोहाराच्या हाताचाही अंश आहे.

कलमतराश म्हणून जे चाकू वापरीत त्यांत कांहीं सरळ मुठीचे असत, कांहीं मिटते. मिटत्या चाकूची कल्पना आपल्याच देशाची असें नव्हे. रोमन साम्राज्याच्या काळचे मिटते चाकू युरोपांतील संग्रहांत आहेत. परंतु त्याची करणी कोठेंही सोपी नाहीं. तलवार कितीही थोर असली तरी तिचें पातें एकदां मुठींत बसलें म्हणजे तें तेथेंच राहतें. मिटत्या चाकूस दोन परस्परविरुद्ध गोष्टी साधाव्या लागतात. त्यानें फिरावें आणि त्यानें ढळूं नये. ज्या खिळ्यावर पातें फिरतें तो अधिक ठोकला तर पातें उघडत नाहीं. कमी ठोकला तर तें डुगडुगतें. म्हणून कारागीर एक हलका घाव घालतो, उघडून पाहतो, मिटून पाहतो, आणि मग दुसरा घाव घालावा कीं नाहीं तें ठरवितो.

दुसरी अडचण पोलादाची. पातें लाल तापवून त्यास पाणी दिलें म्हणजे तें कडक होतें, पण कांचेसारखें ठिसूळही होतें. म्हणून तें घासून उजळ करितात व पुनः हलकेंच तापवितात. तेव्हां त्याच्या अंगावर रंग चढूं लागतात. सुमारें २३० अंश सेंटिग्रेडास वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, आणि ३०० अंशांच्या सुमारास निळा. पात्यास पिवळ्यावर थांबवावें, म्हणजे धार टिकते. परंतु पाठीची जी कमान पात्यास दाबून धरते ती निळ्यापर्यंत न्यावी लागते, म्हणजे ती वांकून पुनः सरळ होते. पोलादाच्या दोन पट्ट्या. एकीस ताठरपणा शिकवावयाचा, दुसरीस लवचिकपणा, आणि मग दोघींस एका मुठींत जन्मभर नांदवावयाचें. हें सर्व जुना कारागीर उष्णतामापकावांचून, केवळ डोळ्यानें करी. चाकू हातीं आल्यास वाचकांनीं तो मिटून उजेडासमोर धरावा. कमान आणि मूठ यांच्या मधून उजेडाची रेघ दिसली नाहीं, आणि पूर्ण उघडल्यावर व पूर्ण मिटल्यावर कमानीची पाठ मुठीशीं सपाट राहिली, तर करणाराचा हात निर्दोष होता असें खुशाल समजावें.

आपल्याकडील पोलादाची एक हकीकत येथें सांगण्याजोगी आहे. १७९४ सालीं मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनीं या देशांतील 'वूट्झ' पोलादाचे नमुने लंडनास रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांजकडे पाठविले. पुढील वर्षीं जॉर्ज पिअर्सन यांनीं त्यांवर निबंध वाचला. त्यांतून असें दिसतें कीं, अध्यक्षांच्या इच्छेवरून स्टोडार्ट नांवाच्या कारागिरानें त्या पोलादाचा लेखणी तासण्याचा चाकू घडविला, आणि तो उत्तमांतल्या उत्तम पोलादी चाकूइतका चांगला चालला. पुढें याच स्टोडार्टनें मायकेल फॅरडे या लोहारपुत्राबरोबर पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले. आमच्या पोलादाची परीक्षा लंडनांत तलवार करून नव्हे, तर चाकू करून झाली. आणि चाकू करणाराचें नांव त्यांनीं टिपून ठेविलें. तें पोलाद ज्यानें मुशींत वितळविलें त्याचें नांव मात्र कोणी विचारलें नाहीं.

यांत परक्यांसच दोष देऊन चालणार नाहीं. शेफील्डच्या चाकूकारांचा संघ १६२४ सालीं कायद्यानें स्थापन झाला, आणि प्रत्येक उस्तादाची खूण त्याच्या वहींत नोंदली जाऊं लागली. म्हणून शेंकडों वर्षांनंतरही तेथील पात्याचा धनी ओळखतां येतो. आमचा लोहार बलुतेदार. गांवचा नांगराचा फाळ, कुऱ्हाड, कोयता व विळा त्यानें करावा आणि खळ्यावरून आपलें बलुतें न्यावें. ही व्यवस्था त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गांव-गाडा'त वाचावयास मिळते. जेथें काम गांवाचें तेथें खूण कोणाची उठवावयाची? या व्यवस्थेनें लोहारास पोटापुरतें दिलें, पण नांव दिलें नाहीं.

पुढें तर मिटत्या चाकूच्या वांट्यास बदनामी आली. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें तलवारी, खंजीर, भाले परवान्याखालीं आणिले. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्यानें निव्वळ घरगुती व शेतकामाच्या वस्तु हत्यारांच्या व्याख्येंतून स्पष्टपणें वगळल्या. कायद्यानें हा भेद केला. लोकांच्या मनानें केला नाहीं. उत्तरेंतील रामपूरचा चाकू हिंदी चित्रपटांतल्या गुंडाच्या हातीं गेला आणि 'रामपुरी' हा शब्दच धमकीसारखा झाला. त्याच रामपुरांत २०२३ सालीं एका चौकांत सुमारें २० फुटांचा चाकू उभारण्यांत आला. गांवानें आपल्या कारागिरीचा अभिमान धरावा हें योग्यच. पण चौकांतला चाकू कांहीं कापीत नाहीं, आणि कारागिराचें नांव त्यानेंही सांगितलें नाहीं.

कोणी म्हणेल, आतां बोरू गेला, मोडी गेली, बलुतें गेलें. चाकूचें एवढें कौतुक कशास? पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयांत दिनकर केळकरांनीं घरोघरचे अडकित्ते व दिवे जमवून ठेविले, तसा हाही एखाद्या कपाटांत ठेवावा म्हणजे झालें. संग्रहालयाचे उपकार आम्ही मानतों. तथापि मिटत्या चाकूचा गुण कांचेपलीकडून दिसत नाहीं. तो बोटास कळतो, कानास कळतो. आणि जो तो उघडीत नाहीं त्यास तो कधींच कळत नाहीं. शिवाय तलवारीचें कौशल्य ती उपसतांना दिसतें, चाकूचें तो मिटतांना. धार कोणासही न लागतां ती खिशांत बाळगतां यावी, याच हेतूनें त्यांत सर्व मेहनत ओतलेली असते. ज्या समाजास आपली धार मिटवून ठेवतां येते, त्यास ती गमवावी लागत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

लोधिवलीच्या आजोबांनीं त्या दिवशीं निसण्यावर पाण्याचे दोन थेंब टाकून चाकूस धार लाविली आणि त्याच मुलास जवळ बसवून एक बोरू तासून दाखविला. पहिला तास वांकडा गेला. बरेच वर्षांत हातास संवय नव्हती. दुसरा नीट उतरला. मग चाकू मुलाच्या हातीं देऊन ते एवढेंच म्हणाले, "आतां तूं कर. अंगठा मागें ठेव." चाकू मोडींत गेला नाहीं. करणाराचें नांव आम्हांस अजून ठाऊक नाहीं. पण त्याच्या हाताची ओळख त्या घरांत आणखी एक पिढी राहील.