गुप्तरोग व सामाजिक कलंक

गरमी, परमा यांसारख्या लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या रोगांना चिकटलेली बदनामी. रोग जंतूंचा, ठपका मात्र चारित्र्यावर; नवऱ्याकडून लागण झालेली बायकोही त्यातून सुटत नाही. लाजेपायी उपचार लांबतात, जोडीदाराची तपासणी राहते आणि बरा झालेला रोगी पुन्हा बाधित होतो. मराठीत या विषयाची कोंडी फोडण्यात र. धों. कर्वे (१८८२–१९५३) अग्रणी होत. ‘समाजस्वास्थ्य’ (१९२७–५३) मासिकात ते वाचकांच्या खाजगी शंकांना रोखठोक उत्तरे देत. त्यापायी अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वकिली करूनही दंड टळला नाही. आता सरकारी रुग्णालयांत या रोगांच्या उपचारासाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतात. पाटीवर रोगाचे नाव नसणे ही त्यांची मोठी सोय. लैंगिक संबंधांतूनही पसरणाऱ्या एचआयव्हीने बाधित व्यक्तींशी भेदभाव करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे.