चेक इंजिनच्या दिव्याचं कूळ

घोडबंदर रोडवर किंवा शीळफाट्याच्या कोंडीत डॅशबोर्डवर पिवळं इंजिन उजळलं, की चालवणाऱ्याच्या पोटात गोळा येतो: इंजिन बसणार, हजारोंचा खड्डा पडणार. ऑइलचा लाल दिवा लागला तर ही भीती रास्त आहे. पिवळ्या दिव्याचं घराणं वेगळं. तो धुरावर नजर ठेवायला जन्मला, आणि त्याची मुळं लॉस एंजेलिसमध्ये आहेत.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या शहरावर डोळे चुरचुरायला लावणारं धुरकं बसू लागलं. कॅलटेकमध्ये आरी हागेन-स्मिट हा मूळचा डच रसायनशास्त्रज्ञ अननसाच्या स्वादावर संशोधन करत होता. ते बाजूला ठेवून त्याने हवा तपासायला घेतली आणि १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं, की न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो. म्हणजे डोळ्यांची आग कारखान्यांइतकीच गाड्यांच्या नळकांड्यांतून येत होती. पुढे कॅलिफोर्नियाने हवेसाठी मंडळ नेमलं, तेव्हा पहिलं अध्यक्षपद त्याच्याकडेच आलं.

१९७५पासून अमेरिकी गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागले. धुरातले तिन्ही मुख्य विषारी घटक एकदम निकामी करायचे, तर पेट्रोलच्या एका भागाला हवेचे जवळजवळ १४.७ भाग हे प्रमाण सतत सांभाळावं लागतं. कार्बुरेटरला ते जमेना. मग सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर आला, त्याचं ऐकणारा छोटा संगणक आला, आणि संगणकाची तक्रार चालकाला कळावी म्हणून दिवा आला. जनरल मोटर्सने १९८१मध्ये तो अमेरिकेतल्या आपल्या बहुतेक गाड्यांत दिला. त्या वेळी स्कॅनरचीही गरज नव्हती. डॅशबोर्डखालच्या सॉकेटमधल्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडायच्या आणि दिव्याची उघडझाप मोजायची. एकदा लुकलुक, थोडं थांबून दोनदा लुकलुक, म्हणजे कोड १२.

अडचण अशी, की प्रत्येक कंपनीचं सॉकेट वेगळं आणि कोडही वेगळे. कॅलिफोर्नियाने १९८८च्या मॉडेलपासून अशी स्वतपासणी सक्तीची केली. १९९६पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या कारना एकच सोळा पिनांचं सॉकेट आणि कोडची एकच भाषा आली. आज वागळे इस्टेटमधला मेकॅनिक स्टिअरिंगखाली हात घालून स्कॅनर जोडतो, तो याच सॉकेटला.

कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिचा दोष मिस्त्री कानाने आणि नाकाने ओळखायचा. आपल्याकडे १९९५मध्ये चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल कारना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल सक्तीचं झालं. भारत स्टेज ४ हे मानक १ एप्रिल २०१० रोजी तेरा शहरांत लागू झालं. त्यांत मुंबई, पुणे आणि सोलापूर होती. त्याबरोबर ही स्वतपासणी आली, १ एप्रिल २०१३पासून तिचा दुसरा, कडक टप्पा आला आणि २०१७मध्ये हे मानक देशभर पोचलं.

आता ठाणे-डोंबिवलीतल्या गॅरेजमधलं एक नेहमीचं दुखणं. गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलेलं. स्कॅनर ‘पी ०३०२’ दाखवतो, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, इंधन नीट पेटत नाही. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे दमलेला प्लग किंवा कॉइल आधी गॅसवर उघडी पडते. जाणकार मेकॅनिक लगेच नवी कॉइल मागवत नाही. दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावतो, कोड काढतो, गाडी एक चक्कर फिरवून आणतो. कोड ‘पी ०३०३’ झाला, तर कॉइल गेली. तो दोनवरच राहिला, तर प्लग, इंजेक्टर, वायरिंग पाहायचं. पावसाळ्यात वायरिंग उंदरांनी कुरतडलेलीही निघते. कोड फक्त पत्ता देतो, त्या पत्त्यावर जाऊन गुन्हेगार शोधायचा असतो. ‘ऑक्सिजन सेन्सर’ असं वाचून थेट सेन्सर बदलणं ही सगळ्यांत महागडी घाई. अनेकदा दोष सेन्सरच्या अलीकडे, हवा ओढणाऱ्या एखाद्या फुटक्या पाइपात असतो.

दिवा लागला की अमेरिकी व्हिडिओंत पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट लावायला सांगतात. तिथे टाकीतून निसटणाऱ्या वाफेवरही हा संगणक पहारा ठेवतो. आपले नियम युरोपच्या वळणाचे असल्याने इथल्या बहुतेक गाड्यांत तो उपाय कामाचा नाही.

आणखी एक फरक मात्र गंभीर आहे. कॅलिफोर्नियात हा दिवा लागलेली गाडी धुराच्या तपासणीत नापास होते. आपल्या पीयूसी केंद्रावर नळी सायलेन्सरमध्ये जाते, सोळा पिनांच्या सॉकेटकडे कुणी फिरकत नाही. दिवा पेटलेला असतानाही प्रमाणपत्र हातात पडू शकतं. कारखान्यांच्या प्रदूषणाने जानेवारी २०१४मध्ये हिरवा पाऊस आणि २०२०मध्ये गुलाबी झालेला रस्ता पाहिलेल्या डोंबिवलीने तरी ही पळवाट खपवून घेऊ नये. पीयूसीच्या वेळी स्कॅनर लावणं सक्तीचं व्हायला हवं.

तोवर एवढं करा. दिवा स्थिर असेल तर थोड्याच दिवसांत स्कॅन करून घ्या आणि पुसण्याआधी कोड बिलावर लिहून मागा. दिवा लुकलुकत असेल, तर अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी बाजूला घ्या. ती मिसफायरची खूण: न जळलेलं इंधन कन्व्हर्टरमध्ये शिरून पेटतं आणि काही किलोमीटरांतच तो जळून निकामी होऊ शकतो.